घासाघिशीची कला आणि तिचा इतिहास

मराठी भाषेत 'भाव' हा शब्द देवळातही चालतो आणि बाजारातही. देवाच्या ठायी असावा लागतो तोही भाव, आणि वांग्यांचा विचारावा लागतो तोही भावच. भाव करणे, भाव पाडणे, भाव देणे, भाव खाणे हे वाक्प्रचार पाहिले, म्हणजे आमच्या पूर्वजांच्या मनात वस्तूची किंमत आणि माणसाची किंमत या गोष्टी एकमेकींपासून फारशा दूर नव्हत्या, असे वाटू लागते. ज्याला कोणी भाव देत नाही तो माणूस आणि ज्याला भाव मिळत नाही तो कांदा, या दोघांचे दुःख भाषेने एकाच शब्दात सांगितले आहे. या भावासंबंधी घेणाऱ्याने आणि देणाऱ्याने आपसांत जे बोलणे करावयाचे, त्यास घासाघीस म्हणतात. नावावरूनच कळते की, यात दोन्ही बाजू थोड्याथोड्या झिजाव्या लागतात. एकच बाजू झिजली तर त्या व्यवहाराला दुसरे काही नाव द्यावे लागेल.

इतिहास म्हटला की लढाया, तह आणि राज्यारोहणे आमच्या डोळ्यांपुढे उभी राहतात. वस्तुतः माणूस आयुष्यात लढाई एखादीच पाहतो, किंवा पाहतही नाही. बाजार मात्र त्याला आठवड्यातून एकदा तरी करावा लागतो. तेव्हा बाजारात तो कसा बोलला, कोणापुढे नमला आणि कोणावर चढला, याचा शोध घेणे हेही इतिहासाचेच काम होय. आमच्या वाचकांस तर या विषयाचे अगत्य अधिक असावे. बदलीच्या नोकरीत घर बदलते, शेजार बदलतो, मुलांची शाळा बदलते, आणि प्रत्येक नव्या गावी पहिली परीक्षा होते ती भाजीवाल्यापुढे. पुण्यात वा नागपुरात 'मावशी, काय भाव दिलीत मेथी?' असे विचारणारी गृहिणी यमुनाकाठी आल्यावर 'भैया, ठीक-ठीक लगाओ' म्हणावयास शिकते, आणि तिकडची मावशी जिला 'ताई' म्हणत होती तिला इकडे 'भाभीजी' म्हटले जाते. नाती बदलली तरी खेळ तोच राहतो.

आम्ही ज्या नोएडात राहतो ते गाव वयाने लहान आहे. १७ एप्रिल १९७६ रोजी उत्तर प्रदेशाच्या औद्योगिक क्षेत्र विकास कायद्याखाली नवीन ओखला औद्योगिक विकास प्राधिकरण स्थापन झाले, आणि त्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवून शहराचे नाव तयार झाले. सेक्टरांना क्रमांक मिळाले. परंतु क्रमांकाने माणसाचे समाधान होत नाही. अट्टा, निठारी, छलेरा, भंगेल ही जुन्या खेड्यांची नावे अद्याप लोकांच्या तोंडी आहेत, आणि बाजारांना तर क्रमांक कोणी दिलाच नाही. निरनिराळ्या वारी निरनिराळ्या सेक्टरांत रस्त्याच्या कडेला आठवड्याचा बाजार मांडला जातो, त्यास बुध बाजार, शनि बाजार असेच म्हणतात. पुणेकरास हे ऐकून घरची आठवण व्हावी. शनिवार, रविवार, बुधवार, शुक्रवार अशी वारांची नावे घेऊनच त्याच्या पेठा वाढल्या. ज्या वारी जेथे बाजार, तो वार त्या पेठेस चिकटला, अशी समजूत आहे. तेथील बाजाराचा वार आता केवळ पत्त्यापुरता उरला आहे. येथे तो दिवे लावून, ताडपत्री अंथरून दर आठवड्यास उभा राहतो.

या बाजारात जी कला चालते तिचे नियम कोणी लिहून ठेवलेले नाहीत, तरी ते सर्वांस पाठ असतात. विक्रेत्याने प्रथम जो भाव सांगावयाचा तो घ्यावयाचा भाव नसतो, हे दोघांसही ठाऊक असते. ग्राहकाने तो ऐकून आश्चर्य दाखवावयाचे, मालात खोड काढावयाची, पलीकडच्या गाड्यावर स्वस्त मिळते असे सांगावयाचे. विक्रेत्याने खरेदीचाच भाव किती चढा आहे ते शपथेवर सांगावयाचे. मग ग्राहकाने पाठ फिरवावयाची. येथे खेळाचा कळस होतो. कारण चार पावलांच्या आत हाक आली तर भाव ग्राहकाचा, आणि हाक आली नाही तर ग्राहकाने पिशवी सावरीत परत यावयाचे किंवा पुढे जावयाचे. सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकास महाराष्ट्रात भवानीचे गिऱ्हाईक म्हणतात, इकडे त्यालाच बोहनी म्हणतात. ते रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून विक्रेता थोडा अधिक नमतो. आणि सौदा ठरल्यावर मूठभर कोथिंबीर, चार मिरच्या वर टाकावयाच्या. ती सूट नसते, सलोखा असतो.

मोठ्या व्यापारात हीच कला मूकपणे चालत असे. सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए याने दक्षिणेतील हिऱ्यांच्या खाणींवर जे पाहिले ते त्याने तपशिलाने लिहून ठेवले आहे. घेणारा आणि देणारा समोरासमोर मांडी घालून बसत, विकणारा घेणाऱ्याचा उजवा हात धरून त्यावर आपल्या कमरेचे वस्त्र टाकी, आणि मग तोंडातून अक्षर न काढता भाव ठरे. संपूर्ण हात दाबला म्हणजे एक हजार, पाच बोटे म्हणजे पाचशे, एक बोट म्हणजे शंभर, मधल्या पेरापर्यंत अर्धे बोट म्हणजे पन्नास आणि टोकाचे पेर म्हणजे दहा. एकाच सभेत, शेजारी बसलेल्यांस न कळता, तोच हिरा अनेकदा हातोहात विकला जाई. खाणीच्या गावी व्यापाऱ्यांची दहा ते सोळा वर्षांची मुले झाडाखाली वजने घेऊन बसत, आलेला हिरा हातोहात पारखीत, सर्वांत मोठा मुलगा भाव करी, आणि सायंकाळी मुले नफा वाटून घेत. व्यापाराचे याहून चांगले विद्यालय असणे कठीण.

वस्त्राखालच्या या सौद्यास आमच्याकडे हत्ता म्हणतात. गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबणारे दलाल पुष्कळांनी पाहिले असतील. धान्याच्या आणि कापसाच्या बाजारातही ही पद्धत दीर्घकाळ होती. जेथे बोटे चालत नसत तेथे सांकेतिक बोली चाले. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात नंदभाषेची जी नोंद आहे तीत व्यापाऱ्यांचे आकडे दिले आहेत: केवली म्हणजे एक, अवारू म्हणजे दोन, उधानू म्हणजे तीन, पोकू म्हणजे चार, मुळू म्हणजे पाच. दुकानदाराने गुमास्त्यास गिऱ्हाइकासमोरच 'उधानू' म्हणावे आणि गिऱ्हाइकाने ते नाव कोणा माणसाचे समजावे, अशी ही सोय होती. हिऱ्याच्या बाजारात ही गुप्तता दोन जाणत्यांमधील होती, म्हणून ती शोभली. अडाणी शेतकऱ्याच्या मालाभोवती दोन दलालांनी ती चालविली, तेव्हा तिचे रूप पालटले. माल त्याचा आणि रुमालाखालचे दोन्ही हात दुसऱ्यांचे, अशी स्थिती आली.

याच्या अगदी उलट, सर्वांच्या देखत आणि मोठ्याने चालणारा एक सौदा मराठी घरांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिला आहे. तो बोहारणीचा. डोक्यावर भांड्यांची पाटी आणि काखेत जुन्या कपड्यांचे बोचके घेऊन ती दारात बसते. या व्यवहारात पैसा नाही, वजन नाही, बाजारभाव नाही. एका बाजूस जरीची विरलेली साडी, दोन विजारी आणि एक सदरा. दुसऱ्या बाजूस पातेले, पूर्वी पितळेचे, पुढे स्टीलचे. घरची बाई साडीची जर दाखविते, बोहारीण उजेडात धरून तिला पडलेले भोक दाखविते. एक सदरा आणखी मागितला जातो, पातेल्याऐवजी वाटी पुढे केली जाते. बोहारीण पाटी उचलून दोनदा निघते आणि दोनदा परत बसते. घरच्या बाईने दार लोटून घेतल्याचेही दिसते, पण कडी लागत नाही. शेवटी सौदा जमतो आणि दोघींसही आपणच जिंकलो असे वाटते. दिल्लीतही रघुबीर नगरला गुजरातेतून आलेल्या वाघरी समाजाचा जुन्या कपड्यांचा बाजार पहाटे भरतो. भांड्यांच्या बदल्यात दारोदार मिळविलेले कपडे तेथे पुन्हा विकले जातात. म्हणजे बोहारणीच्या दारातील घासाघिशीस पुढे आणखी एक घासाघीस जोडलेली असते.

बोहारणीचा सौदा गोड का होतो, याचा विचार केल्यास या साऱ्या कलेचे मर्म हाती येते. तेथे दोघींसही उठून जाण्याची मुभा असते. साडी आणखी महिनाभर ट्रंकेत राहिली म्हणून घर अडत नाही, आणि एका दारी जमले नाही तर बोहारणीस पुढचे दार आहे. घासाघीस ही खरोखर शब्दांची लढाई नसून मुभेची तुलना आहे. ज्याला उठून जाता येते त्याचे शब्द लागतात. ज्याला उठता येत नाही त्याची शपथही वाया जाते. अॅडम स्मिथने १७७६ साली आपल्या ग्रंथात बाजारातील घासाघिशीने किंमत स्थूलमानाने नीट बसते असे म्हटले खरे. परंतु त्याच ग्रंथात मजुरीची चर्चा करताना त्याने हेही नमूद केले की, भांडण लागल्यास मालक वर्ष-दोन वर्षे तग धरू शकतो, आणि मजुरांपैकी पुष्कळांस आठवडाही काढवत नाही. पहिले वाक्य पुष्कळांस स्मरते. दुसरे वाक्य नसेल तर पहिल्यास अर्थ उरत नाही.

मराठ्यांच्या इतिहासात या मुभेची सर्वांत कठोर कसोटी आम्ही राहतो त्या प्रदेशाच्या आसपासच लागली. १७६० च्या ऑगस्टात सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली, तेव्हा फौजेच्या खर्चासाठी लाल किल्ल्यातील दिवाण-ई-खासचे चांदीचे छत काढून त्याचे रुपये पाडावे लागले. नोव्हेंबरापासून पानिपतावर दोन्ही फौजा समोरासमोर राहिल्या. अब्दालीस दुआबातून, रोहिल्यांच्या मुलखातून धान्य पोहोचत होते. ती वाट तोडण्यासाठी यमुनेच्या या तीरावर आलेले गोविंदपंत बुंदेले डिसेंबर १७६० मध्ये गाझियाबादेजवळ जलालाबाद येथे मारले गेले. नोएडातून ते ठिकाण फार दूर नाही. त्यानंतर मराठ्यांच्या छावणीत बाजार होता, बुणगे होते, माल मात्र नव्हता. उपाशी फौजेला भाव करता येत नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी भाऊ लढाईस उभे राहिले ते शत्रूस अनुकूल अशा वेळी, कारण वाट पाहण्याची मुभा संपली होती. पुढे ११ सप्टेंबर १८०३ रोजी जनरल लेक याने शिंद्यांच्या फौजेचा येथेच पराभव करून दिल्ली घेतली. त्या लढाईचा स्मारकस्तंभ आज नोएडाच्या गोल्फ मैदानात उभा आहे. ज्या भूमीवर मराठी माणूस पूर्वी लष्कराबरोबर आला तेथे तो आता पिशवी घेऊन बाजारास जातो, ही प्रगतीच म्हणावयाची.

फौज आणि बाजार यांच्या या संबंधाची जाण शिवछत्रपतींस फार आधी होती. राज्याभिषेकाच्या उंबरठ्यावर चिपळूणच्या छावणीस लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात त्यांनी लष्करास बजावले की, लाकूड, गवत, भाजी जे लागेल ते बाजारात पैसे देऊन विकत घ्यावे, रयतेच्या घरून उचलू नये. या आज्ञेत दयेइतकेच राजकारण आहे. तलवार बांधलेला शिपाई दारात उभा राहिला असता कुणब्यास 'परवडत नाही' म्हणण्याची सोय नसते. बाजारात नेऊन उभे केले की दोघांमध्ये निदान एक ताजवा येतो.

तलवारीने जे होते तेच कर्जाने अधिक शांतपणे होते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात मँचेस्टरला अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपले, भाव कोसळले, सारा मात्र वाढला, आणि दख्खनचा शेतकरी सावकाराच्या वहीत अडकला. गावचा वाणी हाच दुकानदार, हाच धान्याचा खरेदीदार आणि हाच सावकार. ज्याचे देणे आहे त्याच्याशी भाव कसा करावयाचा? १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजाराच्या गावी जो उद्रेक झाला, त्यात लोकांचा रोख मुख्यतः सावकारांच्या वह्या व कर्जरोखे हस्तगत करून जाळण्याकडे होता, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. त्यांस दुकान नको होते; ज्या कागदाने त्यांची उठून जाण्याची मुभा काढून घेतली होती तो कागद नको होता. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला त्याने न्यायालयांस कर्जाच्या मुळाशी जाऊन हिशेब तपासण्याचा अधिकार दिला.

कर्ज नसले तरी शेतकऱ्याची गाडी हेच त्याचे बंधन असे. रात्रभर चालून बाजारी आलेली कापसाची गाडी, भाव न पटल्यास परत कोठे न्यावयाची? बैल थकलेले, पदरी पैसा नाही, घरी साठवणीस जागा नाही. व्यापाऱ्यास हे पुरते ठाऊक असे. म्हणून रुमालाखाली भाव ठरल्यावरही पट्टीतून हमाली, तोलाई, दलाली, धर्मादाय, नमुना आणि कडता अशी एकामागून एक वजावट निघे. धर्मादाय दुकानदाराचा आणि पैसा शेतकऱ्याचा, हा दानधर्माचा विलक्षण प्रकार होता. या अव्यवस्थेस पहिला बांध वऱ्हाडात पडला. १८८६ साली कारंजा येथे हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमाने देशातील पहिला नियंत्रित बाजार स्थापन झाला, आणि १८९७ साली वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजार कायदा आला. त्यामागे विलायतेच्या गिरण्यांस शुद्ध कापूस मिळावा हा हेतू मोठा होता, हे खरे. तथापि एकदा तोलारास परवाना लागू लागला, वजने तपासली जाऊ लागली, की त्याचा लाभ केवळ मँचेस्टरपुरता राहत नाही.

पुढची पावले हळूहळू पडली. १९२७ च्या मुंबई कापूस बाजार कायद्याने शेतकऱ्याच्या बाजूने या प्रश्नाकडे पाहिले. लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शेती आयोगाने १९२८ च्या अहवालात नियंत्रित बाजार सर्वत्र व्हावेत अशी शिफारस केली. १९३९ साली मुंबई प्रांताचा शेतमाल बाजार कायदा झाला, आणि १९६३ साली महाराष्ट्राचा कृषी उत्पन्न खरेदी-विक्री कायदा. या कायद्यांनी जे केले त्याचा अर्थ एका वाक्यात सांगता येईल: रुमाल काढला आणि लिलाव उघड केला. आज लासलगावच्या आवारात कांद्याच्या ट्रॉलीभोवती जे आवाज चढतात ते सर्वांच्या कानी पडतात. भाव पुरेसा मिळतो असे नव्हे. १९८० साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली चाकणच्या कांद्यावरून जे आंदोलन उभे राहिले त्याने ते साऱ्या महाराष्ट्रास ऐकविले. परंतु भाव कोणी आणि किती पुकारला, हे तरी शेतकऱ्यास कळते.

येथे कोणी विचारील की, मग सरकारनेच भाव ठरवून टाकावा, म्हणजे घासाघिशीची कटकट कायमची मिटेल. हा उपाय नवा नाही. तेराशेच्या सुमारास अल्लाउद्दीन खिलजीने दिल्लीत तो करून पाहिला. १२९६ साली देवगिरीहून नेलेल्या संपत्तीने ज्याने तख्त मिळविले, त्यालाच पुढे मोठी फौज थोड्या पगारात पोसावयाची होती. इतिहासकार बरनीने दिलेल्या दरांत गहू मणास साडेसात जितल आणि तांदूळ पाच जितल असा भाव नोंदलेला आहे. मंडीवर शहना नेमला होता, आणि सुलतान लहान मुलांस पैसे देऊन बाजारी पाठवी. त्यांनी आणलेला माल वजनात कमी भरल्यास दुकानदाराच्या अंगचे मांस कापले जाई, असे बरनी सांगतो. भाव स्थिर राहिला, पण सुलतानाबरोबर ती व्यवस्थाही गेली. आमच्याकडे पेशवाईत शहरचा कोतवाल निरख ठरवी. शिवछत्रपतींनी १६७१ साली कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांस लिहून बारदेशच्या स्वस्त मिठावर जबर जकात बसविली, म्हणजे व्यापारी संगमेश्वरच्या मिठाकडे वळतील. येथे किंमत हुकुमाने बांधलेली नाही. दोन बाजारांतील तोल राजाने आपल्या रयतेकडे थोडा झुकविला आहे. स्वातंत्र्योत्तर काळात १९७२ साली महाराष्ट्राने कापूस एकाधिकार खरेदी योजना आणली. भावाची हमी मिळाली, परंतु खरेदीदार एकच उरला, आणि एकाच दाराशी उभे राहणाऱ्यास उठून जाण्याची मुभा पुन्हा कमी झाली. तिथे घासाघीस भावाची होत नसे, प्रतवारीची होई.

दुकानातील 'एकच भाव' ही पाटी मात्र राजाने लावली नाही, ती व्यापाऱ्यांनीच लावली. जपानात १६७३ साली मित्सुई ताकातोशी याने एदो शहरात कापडाचे दुकान काढले आणि रोख पैसे, सर्वांस एकच भाव असा नियम केला. तोवर कापडवाले श्रीमंतांच्या घरी माल नेऊन उधारीवर घासाघीस करीत. त्याच शतकात इंग्लंडातील क्वेकर पंथाच्या लोकांनी घ्यावयाचा नाही तो भाव सांगणे हे असत्य ठरविले आणि एकच किंमत सांगावयास आरंभ केला. पुढे न्यूयॉर्कात स्ट्युअर्ट, पॅरिसात बूसिको आणि फिलाडेल्फियात वॉनामेकर यांनी एकोणिसाव्या शतकात मोठी दुकाने याच तत्त्वावर चालविली. त्यात धर्म थोडा आणि सोय पुष्कळ होती: शेकडो नोकर ठेवल्यावर प्रत्येकास घासाघीस शिकविता येत नाही.

आमच्या देशात हे तत्त्व कायद्याच्या वाटेने आले. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे ठरली, १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, आणि शेर-मण, आणे-पै यांच्या जंजाळात हरविणारी हिशेबाची कसर उघडी पडली. वेष्टनबंद मालाचे नियम १९७७ साली झाले, आणि १९९० पासून वेष्टनावर सर्व करांसह कमाल किंमत छापली जाऊ लागली. यात मराठी माणसाचाही हातभार आहे. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने ग्राहक पंचायत सुरू झाली. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने कुटुंबांचे गट करून महिन्याचा वाणसामान एकत्र खरेदी करण्याची पद्धत रुजविली. एकट्या गृहिणीस घाऊक व्यापाऱ्यापुढून उठून जाता येत नाही. शेकडो गृहिणी एकदम उठल्या की व्यापारी हाक मारतो. घासाघिशीच्या इतिहासातील हा एक सुंदर शोध आम्ही मानतो. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला.

छापील किमतीने एक मोठा न्याय केला, तो नाकारून चालणार नाही. पूर्वी तोंड पाहून भाव सांगितला जाई. परमुलुखातून आलेला, बोली न जाणणारा, मुकाट्याने पैसे देणारा, असा प्रत्येकजण अधिक किंमत मोजी. आज साबणाची वडी लहान मुलाने आणली काय, किंवा सचिवाने आणली काय, किंमत एकच. संकोची माणसास छापील किंमत म्हणजे वरदानच आहे. परंतु नोएडात पाहावे तर दोन्ही युगे एकाच रस्त्याच्या दोन बाजूंस नांदतात. सेक्टर १८ च्या मोठ्या मॉलमध्ये चिठ्ठीवरील आकडा वाचून माणूस निमूटपणे पैसे देतो, आणि मेट्रोच्या पुलापलीकडे अट्ट्याच्या बाजारात येताच त्याच्या जिभेला धार चढते. ज्या दुकानाचे भाडे, वातानुकूलन आणि जाहिरात आपल्याच खिशातून जाते तेथे आम्ही गप्प. आणि जो स्वतःच हमाल, स्वतःच तोलार आणि स्वतःच दुकानदार त्याच्यापुढे आम्ही अर्थशास्त्री.

मोठ्या खरेदीत मुभा गमावणे किती महाग पडते, हेही याच शहराने दाखविले आहे. येथे हजारो कुटुंबांनी घरे बांधून होण्यापूर्वीच त्यांचे पैसे भरले. पैसे देईपर्यंत ग्राहक राजा होता. सर्व पैसे दिल्यावर त्याला उठून कोठे जावयाचे, हा प्रश्न उरला. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानंतरही २३ जुलै २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयास आम्रपाली समूहाच्या प्रकरणी त्याची नोंदणी रद्द करून अपुरी घरे पुरी करण्याचे काम सरकारी बांधकाम कंपनीकडे सोपवावे लागले. १८७५ चा सुप्याचा शेतकरी आणि या शतकातील सुशिक्षित घरखरेदीदार यांच्यात विद्येचे अंतर केवढे; अडचण मात्र एकाच जातीची.

म्हणून घासाघीस वाईट की चांगली, या वादात आम्हांस अर्थ वाटत नाही. ती दोन मोकळ्या माणसांतील संभाषण असेल तर तिच्यासारखी रंजक आणि शहाणी कला दुसरी नाही. ओळख नसलेल्या गावात ती ओळख करून देते. बदलीवर आलेल्या कुटुंबास नव्या शहरात पहिला परिचित मिळतो तो बहुधा भाजीवालाच, आणि तो परिचय भावावरून झालेल्या चार शब्दांतूनच होतो. छापील किंमत एवढे करू शकत नाही. परंतु ताजव्याच्या पलीकडचा माणूस अडलेला असेल, तर त्याच कलेस अडवणूक म्हणावे लागते, मग आमची भाषा कितीही मृदू असो.

याची पारख करणे कठीण नाही. सकाळी भरल्या गाड्यापुढे अवश्य भाव करावा. विक्रेत्याजवळ दिवस आहे, दुसरी गिऱ्हाइके आहेत, तो नाही म्हणू शकतो. रात्री दहाच्या सुमारास, बाजार उठावयाच्या वेळी, पालकाच्या उरलेल्या जुड्या पुढ्यात घेऊन बसलेल्या बाईची गोष्ट निराळी. पालक उद्या विकावयाचा नसतो, घरी न्यावयाचा तर खावयाची तोंडे तेवढी नसतात, आणि आडत्याचे पैसे पहाटे द्यावयाचे असतात. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने तिच्या उपजीविकेस संरक्षण दिले आहे. तिच्या पालकास कोणत्याही कायद्याने भाव दिलेला नाही. तो देणे गिऱ्हाइकाच्या हाती आहे. आमच्यापैकी बहुतेकांचा पगार महिन्याच्या ठरलेल्या तारखेस येतो, महागाई वाढली की भत्ता वाढतो, आणि आपल्या पगाराचा भाव दाराशी उभे राहून कोणी पाडीत नाही. उठून जाण्याची मुभा ज्यास जन्मभर मिळाली आहे, त्याने दुसऱ्यास ती आहे की नाही हे पाहून मगच तोंड उघडावे. सकाळच्या घासाघिशीत वाचविलेले दोन रुपये रात्रीच्या जुडीवर विनातक्रार खर्च केले, तर घरचा हिशेब बिघडत नाही, आणि बाजारातील 'भाव' या शब्दास त्याचा दुसरा अर्थही परत मिळतो.